काट्यापासून कागदापर्यंत: संगणकाविना छपाई

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या दारांशी उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. एकेक ट्रॉली वजनकाट्याच्या पोलादी फलाटावर चढते, काट्याच्या खोलीतील लाल आकडे क्षणभर चाळवतात, स्थिरावतात आणि शेजारचा प्रिंटर करकरत एक पावती बाहेर सोडतो. तीवर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि भरल्या गाडीचे वजन असते. ऊस उतरवून रिकामी ट्रॉली परत आली की पुन्हा तोच प्रकार, आणि वजाबाकी होऊन निव्वळ वजनाची ओळ उमटते. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल या चार-सहा ओळींवर ठरते. ‘काटामारी’ या शब्दाचा अर्थ ऊसपट्ट्यात कोणालाही विचारावा लागत नाही. म्हणूनच काट्याने तोललेला आकडा आणि कागदावर उमटलेला आकडा यांच्या दरम्यान नेमके काय घडते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलापुरता उरत नाही.

मोठ्या कारखान्यांत काट्याला संगणक जोडलेला असतो. परंतु रस्त्याकडेच्या खासगी काट्यांवर, आडत्यांच्या दुकानांत, भंगाराच्या वखारींत असंख्य ठिकाणी संगणक नसतोच. वजन दाखविणाऱ्या खोक्यातून एक वायर निघते आणि थेट प्रिंटरमध्ये शिरते. त्या खोक्यात असतो मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक. कारखान्यात जाण्यापूर्वी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेणारा शेतकरी ज्या चिठ्ठीवर भिस्त ठेवतो, ती बहुतेक वेळा या मुक्या चिपनेच लिहिलेली असते.

संगणक मध्ये आला की सोय वाढते यात शंका नाही. नोंदी साठतात, अहवाल निघतात, पैसे परस्पर खात्यात जमा करता येतात. पण त्याचबरोबर काट्याचा आकडा आधी एखाद्या प्रोग्रॅममध्ये, मग तक्त्यात आणि तेथून छपाईकडे असा फिरत जातो, आणि या प्रत्येक मुक्कामावर तो बदलण्याची संधी निर्माण होते. थेट छपाईत असे मुक्काम नसतात. याचा अर्थ थेट छापणारा काटा लबाडी करू शकत नाही, असा मात्र मुळीच नव्हे. काट्याची जुळणी बिघडवता येते, चिपमधील प्रोग्रॅमही बदलता येतो. फरक इतकाच की तपासण्याच्या जागा थोड्या असतात आणि त्यांवर सील ठोकता येते. वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून काट्याची पडताळणी करतात आणि जुळणीच्या जागेवर मोहोर लावतात, ती याचसाठी.

मायक्रोकंट्रोलर हा संगणकाचा अतिशय गरीब नातेवाईक म्हणावा लागेल. इंटेल कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेली ८०५१ ही चिप भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासली. तिच्यात प्रोग्रॅमसाठी चार किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी १२८ बाइट एवढी स्मृती होती. आज हौशी मंडळींच्या टेबलांवर दिसणाऱ्या आर्डुइनो उनो या पाटीवरील चिपमध्येही ३२ किलोबाइट आणि दोन किलोबाइट एवढीच जागा असते. या वर्तमानपत्राच्या एका भरगच्च पानावरचा मराठी मजकूर तिच्यात मावणे कठीण. तिला पडदा नाही, विंडोज नाही, प्रिंटरचा ‘ड्रायव्हर’ नावाचा मध्यस्थ तर नाहीच नाही. असे असूनही ती छापू शकते, ते एका जुन्या कराराच्या बळावर.

हा करार अंकांचा आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ नावाचे एक प्रमाण निश्चित झाले. इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि काही आज्ञा अशा एकूण १२८ गोष्टींना क्रमांक बहाल करण्यात आले. कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, शून्याचा आकडा म्हणजे ४८, मोकळी जागा म्हणजे ३२. पाठविणाऱ्याने ६५ हा अंक पाठवावा आणि घेणाऱ्याने ‘ए’ उमटवावा, एवढाच त्याचा मथितार्थ. अक्षराचा आकार कसा, जाड की बारीक, याची पाठविणाऱ्याला फिकीर नाही. आकार प्रिंटरच्या पोटात कायमचे कोरलेले असतात. ‘साधा मजकूर’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणतात तो हाच.

काट्यातील वजन मात्र अशा अक्षरांच्या रूपात नसते. १८,४२० किलो हे वजन चिपमध्ये शून्य आणि एक यांच्या एका लांबलचक मालिकेच्या रूपाने असते. ती मालिका तशीच प्रिंटरकडे धाडली तर कागदावर काहीतरी अगम्य उमटेल. म्हणून चिप शाळकरी मुलासारखा भागाकार करते. दहाने भागले, बाकी शून्य उरली, तीत ४८ मिळविले, शेवटचा आकडा तयार झाला. पुन्हा दहाने भागले, बाकी दोन, तीत ४८ मिळविले की ५०. असे करता करता ४९, ५६, ५२, ५०, ४८ हे पाच अंक हाती येतात आणि हे पाच अंक म्हणजे कागदावरचे १८४२०. शून्याला ४८ हा क्रमांक देऊन पुढचे आकडे ओळीने बसविणाऱ्यांनी हा हिशेब किती सोपा करून ठेवला, हे अशा वेळी कळते.

करारातील पहिले ३२ क्रमांक आज्ञांचे आहेत, आणि त्यांत एका जुन्या यंत्राचे सांगाडे दिसतात. त्या काळी टेलिटाइप हे टंकयंत्रासारखे दूरमुद्रक मजकूर छापीत. प्रसिद्ध ‘मॉडेल ३३’ सेकंदाला दहा अक्षरे छापी. ओळ संपल्यावर अक्षरे ठोकणारा भाग डावीकडे परत आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही त्यातली दोन वेगळी कामे होती, म्हणून त्यांना दोन वेगळे क्रमांक मिळाले: १३ आणि १०. ही विभागणी आजतागायत टिकून आहे. नवशिक्याने नुसता १० पाठवला तर अनेक प्रिंटर ओळ बदलतात, पण पुढची ओळ मागची जिथे संपली तिथूनच सुरू करतात. मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे उतरत जातो आणि कडेला जाऊन नाहीसा होतो. अनेकांच्या पहिल्यावहिल्या छपाईचे फळ हा जिनाच असतो.

अंक ठरले, आता ते न्यायचे कसे? १९७० मध्ये सेंट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘मॉडेल १०१’ या प्रिंटरसाठी जी जोडणी वापरली, ती पुढे जगभर रूढ झाली. तिच्यात आठ तारांवरून एका अक्षराचे आठही बिट एकाच वेळी जातात आणि त्यांच्या सोबतीला काही इशाऱ्याच्या तारा असतात. बांधकामावर मजुरांची साखळी घमेली पुढे देत असते, तेव्हा पुढच्याचे हात मोकळे आहेत हे पाहूनच घमेले पुढे केले जाते. येथेही तसेच. प्रिंटर ‘बिझी’ नावाच्या तारेवर आपले हात भरलेले आहेत की नाहीत ते कळवतो. ते मोकळे दिसले की चिप आठ तारांवर अक्षर मांडते आणि ‘स्ट्रोब’ नावाच्या तारेवरचा दाब क्षणभर खाली आणून ‘घे’ असे सांगते. हा क्षण अर्ध्या मायक्रोसेकंदाहून, म्हणजे सेकंदाच्या वीस लाखाव्या भागाहून कमी नसावा, एवढीच अट. बारा मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ८०५१ ला एक सोपी आज्ञा पाळायला एक मायक्रोसेकंद लागतो. तार खाली, तार वर, एवढ्या दोन आज्ञांत काम भागते. सारा छपाईचा प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींत बसतो तो त्यामुळे.

मात्र ‘बिझी’कडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चिप सेकंदाला लाखभर अक्षरे ओतू शकते. सुईने ठोकणारा साधा प्रिंटर सेकंदाला शंभराच्या घरात छापतो. प्रिंटरच्या पोटातील लहानशी साठवण भरेपर्यंत सारे सुरळीत दिसते, म्हणून चाचणीच्या दोन ओळी उत्तम येतात. लांब पावती छापताना मात्र मधलीच अक्षरे गळू लागतात. एखाद्या शब्दातले अक्षर गळले तर वाचणारा हसून सोडून देईल. १८४२० मधील दोन गळला तर १८४० उरतात, आणि अठरा टनांचे पावणेदोन टन झाल्याची कोणतीही खूण कागदावर राहत नाही.

दुसरी वाट क्रमवार जोडणीची. यात आठ तारांऐवजी एकाच तारेवरून बिट एकामागून एक मुंगळ्यांच्या रांगेसारखे जातात. आरएस-२३२ हे तिचे प्रमाण १९६० सालचे. वजनकाट्यांच्या पाठीमागे आजही जी नऊ सुयांची जोडणी दिसते ती याच घराण्यातील. येथे एक आणि शून्य यांची भाषा चिपच्या भाषेहून उलटी असते. ‘एक’ म्हणजे उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक तीन ते अधिक पंधरा. पाच व्होल्टवर जगणाऱ्या चिपला उणे व्होल्ट आणायचे कोठून? मॅक्सिम कंपनीच्या ‘मॅक्स२३२’ या दुभाष्या चिपने १९८० च्या दशकात हा प्रश्न सोडविला. ती काही संधारकांच्या साहाय्याने पाच व्होल्टांतूनच अधिक आणि उणे असे दोन्ही दाब तयार करते.

क्रमवार जोडणीत दोघांनी एकच ताल धरावा लागतो, कारण बिट केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो हे सांगणारी वेगळी तार नसते. सेकंदाला ९,६०० बिट हा नेहमीचा वेग. एका अक्षरामागे प्रारंभ आणि शेवटची खूण धरून दहा बिट लागतात, तेव्हा सेकंदाला ९६० अक्षरे झाली. ८०५१ च्या जुन्या मंडलांवर ११.०५९२ मेगाहर्ट्झ अशा चमत्कारिक वारंवारितेचा स्फटिक का बसवीत, याचे उत्तर या तालात आहे. त्या अंकाला चिपच्या ठरलेल्या भाजकांनी भागले की नेमके ९,६०० येतात. बारासारखा गोल आकडा घेतला तर नेहमीच्या मांडणीत वेग १०,४१७ पडतो. साडेआठ टक्क्यांची ही चूक दहाव्या बिटापर्यंत जवळजवळ एका बिटाएवढी होते आणि कागदावर कचरा उमटतो. संपूर्ण कचरा उमटला तर एकवेळ बरे, कारण तो दिसतो तरी. धोका असतो तो एखादाच बिट बिघडण्याचा. एकाच्या आकड्याचा क्रमांक ४९ आणि नवाचा ५७. दोहोंमध्ये अवघ्या एका बिटाचा फरक आहे. वायर मोटारीच्या शेजारून गेलेली असावी, वीज चमकावी, आणि एकाचा नऊ व्हावा! हस्तलिखितात १ आणि ९ यांची गल्लत होते म्हणून मराठी कारकून जे जपत आले, तेच यंत्रालाही जपावे लागते. त्यासाठी प्रत्येक अक्षरामागे तपासणीचा एक जादा बिट जोडण्याची सोय आहे. ती वापरण्याचा आळस करणारे मात्र पुष्कळ.

प्रिंटरच्या बाजूने या कराराला सर्वाधिक बळ दिले ते जपानच्या एप्सनने. या कंपनीचे नावच एका छोट्या प्रिंटरवरून आले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी सेको समूहाने वेळ छापणारी घड्याळे तयार केली. त्या अनुभवातून १९६८ मध्ये ‘ईपी-१०१’ हा इवलासा प्रिंटर जन्मला, आणि त्याची ‘संतती’ या अर्थाने एप्सन हे नाव पुढे रूढ झाले. या कंपनीने ‘एस्केप’ या २७ क्रमांकाच्या निरुपयोगी वाटणाऱ्या आज्ञेला कामाला लावले. २७ आला की पुढचे अक्षर छापायचे नाही, तो हुकूम समजायचा. २७ आणि ६४ म्हणजे ‘सारे विसरून नव्याने सुरुवात कर’. २७ आणि ६९ म्हणजे ‘येथून पुढे ठळक’. इतर कंपन्यांनी हीच भाषा उचलली. दुकानातील बिलांचे छोटे प्रिंटर तिचीच एक बोली बोलतात, त्यामुळे एका कंपनीच्या प्रिंटरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्यावर बहुधा चालून जातो.

मग घरातल्या रंगीत प्रिंटरला मायक्रोकंट्रोलर जोडला तर तो का छापत नाही? हौशी विद्यार्थ्यांचा हा नेहमीचा भ्रमनिरास असतो. कारण असे की १९९० च्या दशकापासून स्वस्त प्रिंटरांना अक्षरे विसरायला लावण्यात आली. पानाचे ठिपके तयार करण्याचे काम विंडोजवर चालणाऱ्या संगणकाने करावे आणि प्रिंटरने फक्त शाई सोडावी, असा हिशेब झाला. त्यामुळे प्रिंटरमधली चिप आणि स्मृती वाचली, किंमत उतरली. पण ६५ पाठवले असता ‘ए’ उमटवण्याची विद्या गेली. भरीस यूएसबी आली. तिच्यात एक मालक आणि बाकीचे चाकर अशी रचना असते. प्रिंटर चाकर, आणि बहुतेक लहान मायक्रोकंट्रोलरही चाकरच. दोन चाकर समोरासमोर उभे केले तर कोणी कोणाला हुकूम सोडत नाही.

कार्यालयांतील मोठे लेसर प्रिंटर मात्र जुनी विद्या राखून आहेत. एचपीच्या १९८४ मधील पहिल्या लेसरजेटपासून ते साधा मजकूर समजतात. फक्त ते ओळीने नव्हे तर पानाने छापतात. चार ओळी पाठवून वाट पाहत बसले तर काहीच घडत नाही. ‘पान पूर्ण झाले’ असे सांगणारा १२ हा क्रमांक पाठवला की पान बाहेर येते. असा प्रिंटर नेटवर्कवर असेल, तर वायफाय असलेली शे-दोनशे रुपयांची चिपही त्याच्या ९१०० या दारावर थाप मारून मजकूर देऊ शकते आणि पुष्कळसे प्रिंटर तो निमूटपणे छापतात. गंमत म्हणजे हे दार तपासणीविना उघडे असते. कार्यालयाच्या नेटवर्कवर ज्याला प्रवेश आहे त्या कोणालाही साहेबांच्या प्रिंटरवर काहीही छापता येते, ही गोष्ट अनेक कार्यालयांना उशिरा कळते.

आज मायक्रोकंट्रोलरचा खरा जोडीदार आहे तो उष्णतेने छापणारा पावतीचा प्रिंटर. ५८ मिलिमीटर रुंदीच्या कागदावर त्याच्या पट्टीत एका ओळीत ३८४ सूक्ष्म तापक असतात, मिलिमीटरला आठ. एक अक्षर बारा ठिपके रुंद धरले की ओळीत बत्तीस अक्षरे बसतात. शाई नाही, फीत नाही, आवाजही जेमतेम. मात्र काळी ओळ छापताना हे तापक एकदम वीज ओढतात. दीड-दोन अँपिअरची सोय नसेल तर दाब कोसळतो, चिप मध्येच झोपी जाऊन पुन्हा जागी होते आणि अर्धी पावती लटकत राहते. थेट छपाईच्या प्रयोगांत प्रोग्रॅमपेक्षा वीजपुरवठाच अधिक वेळा दगा देतो, हा तंत्रज्ञांचा सार्वत्रिक अनुभव.

इथवर सारे इंग्रजीत झाले. ज्याच्या हातात पावती पडायची तो मराठी वाचणारा, आणि १२८ क्रमांकांच्या त्या करारात देवनागरीला जागाच नव्हती. भारताने आपल्या परीने उत्तर शोधले होते. आठ बिटांच्या क्रमांकांचा खालचा अर्धा भाग इंग्रजीसाठी जसाच्या तसा ठेवून वरच्या अर्ध्यात भारतीय लिप्या बसविणारे ‘इस्की’ हे प्रमाण भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये स्वीकारले. त्यात ‘क’चा क्रमांक देवनागरीत, बंगालीत, तेलुगूत एकच. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे ते संगणकांपर्यंत पोहोचविले. जगाने मात्र पुढे युनिकोड स्वीकारले. त्यात देवनागरीला स्वतंत्र घर मिळाले, पण प्रत्येक चिन्हासाठी तीन बाइट लागू लागले. ‘पुणे’ या दोन अक्षरी शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. जुन्या करारावर चालणाऱ्या प्रिंटरला हा शब्द पाठवला तर तो बारा निरनिराळी अक्षरे छापतो. पहिल्या ‘प’च्या जागी ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश ‘एन’ आणि एक तर्कशास्त्रातले चिन्ह असे त्रिकूट उमटते. पुण्याची अशी दशा फार थोड्यांनी केली असेल.

क्रमांक समजला तरी अडचण संपत नाही. इंग्रजी अक्षर एका चौकटीत एकटे बसते. देवनागरीत उकार खाली, एकार वर, रेफ डोक्यावर. पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि लिहिली जाते त्याच्या आधी. ‘क्ष’ हे एक अक्षर दिसले तरी ती क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे असतात. ही जुळवाजुळव करायला जी अक्कल आणि स्मृती लागते, ती ना गरीब चिपकडे असते ना गरीब प्रिंटरकडे. म्हणून पळवाट काढली जाते: अक्षरे न पाठवता त्यांचे चित्र पाठवायचे. बत्तीस इंग्रजी अक्षरांच्या ओळीला बत्तीस बाइट पुरतात. तीच ओळ चोवीस ठिपके उंचीचे चित्र म्हणून पाठवली तर ११५२ बाइट लागतात, छत्तीस पट. ८०५१ ला तर ती ओळ एकाच वेळी लक्षातही ठेवता येणार नाही. ठिपक्यांची एकेक रांग करून ती ढकलावी लागते.

व्यवहारात मग तडजोड होते. ‘दिनांक’, ‘एकूण’, ‘निव्वळ वजन’ असे ठरावीक शब्द आणि १ ते ९ व शून्य हे आकडे यांची चित्रे संगणकावर आधी बनवून चिपमध्ये कायमची भरून ठेवता येतात. बसथांब्यांची नावेही तशीच भरता येतात, कारण ती रोज बदलत नाहीत. अडते ते माणसाच्या नावापाशी. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे नाव आधीपासून चित्र करून कसे ठेवणार? त्यामुळे शब्द मराठी आणि नाव रोमन लिपीत, तेही कारकुनाला सुचेल त्या स्पेलिंगने, अशा पावत्या जन्माला येतात. पुरेशी स्मृती असलेल्या नव्या यंत्रांत, विशेषतः अँड्रॉइडवर चालणाऱ्या तिकीट यंत्रांत, ही अडचण उरलेली नाही. मात्र तो मायक्रोकंट्रोलर राहिला नाही, तो संगणकच झाला.

अक्षर आणि चित्र यांतील हा भेद किती दूरवर पोहोचतो, हे मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटवरून दिसते. मत दिल्यावर काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी छापणारे हे यंत्र म्हणजे संगणकाविना होणाऱ्या छपाईचे देशातील सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत पोहोचले. चिठ्ठीवर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते. कमळ किंवा हात यांना आस्कीत क्रमांक नाहीत, तेव्हा ही छपाई चित्राची. म्हणजे यंत्राबाहेर कोठे तरी ती चित्रे तयार होतात आणि निवडणुकीपूर्वी ‘सिम्बॉल लोडिंग युनिट’ नामक उपकरणाने यंत्रात भरली जातात. आक्षेप घेणाऱ्यांचे बोट नेमके या पायरीवर होते. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. त्याच वेळी चिन्हे भरून झाल्यावर ही उपकरणे सीलबंद करून निकालानंतर किमान पंचेचाळीस दिवस जपून ठेवावीत, असा आदेशही दिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवाराने लेखी मागणी केल्यास ठरावीक पाच टक्के यंत्रांतील मायक्रोकंट्रोलरची स्मृती तपासण्याची मुभाही त्याच निकालाने मिळाली. साधा मजकूर छापणाऱ्या काट्यात बाहेरून भरण्यासारखे असे काही नसते. जेथे चित्र आले तेथे ते कोणी, केव्हा आणि कशातून भरले हा प्रश्न येतोच. देवनागरी पावतीलाही तो लागू आहे, फक्त तिच्याबाबत अद्याप कोणी न्यायालयात गेलेले नाही.

राहता राहिला कागद. पावतीच्या कागदावर एक बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी रसायन यांचा थर असतो. उष्णतेने दोन्ही वितळून एकत्र आली की काळा रंग उमटतो. ही क्रिया पुढे उलटूही शकते. ऊन, तेलकट हात, सॅनिटायझर आणि प्लॅस्टिकचे पाकीट हे त्या अक्षरांचे शत्रू. पावती जपावी म्हणून लोक ती प्लॅस्टिकमध्येच घालून ठेवतात, हा दैवदुर्विलास. मतदानाच्या चिठ्ठ्यांसाठी वेगळा कागद वापरला जातो व त्यावरील छपाई किमान पाच वर्षे टिकते, असे निवडणूक आयोग सांगतो. दुकानातल्या रोज वापराच्या गुंडाळीची तशी हमी कोणी देत नाही. रंग आणणाऱ्या रसायनांपैकी बिस्फेनॉल ए या द्रव्यावर युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे, ती मात्र टिकाऊपणासाठी नव्हे, तर ते हाताच्या त्वचेतून शरीरात जाते म्हणून.

सुईने ठोकणाऱ्या जुन्या प्रिंटरची शाई कागदाच्या तंतूंत मुरते आणि वर्षानुवर्षे टिकते. शिवाय त्याचा ठोका खालच्या कार्बनपर्यंत पोहोचतो. काट्याची मूळ प्रत, गाडीवानाची प्रत आणि मालकाची प्रत एकाच ठोक्यात उमटतात. तिन्हींवर वेगवेगळे आकडे छापणे त्याला शक्यच नसते. उष्णतेच्या प्रिंटरला तीन पावत्या तीनदा छापाव्या लागतात. काट्याच्या खोलीतले ते करकरणारे धूड अजून हलविले गेलेले नाही, त्याला स्वस्ताईखेरीज हेही एक कारण आहे.